नियुक्तिपत्र, उपदान आणि न्यायाची मुदत

मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या गावी कोणी खासगी शाळेत शिकवितो, कोणी दवाखान्यात सेवा करितो, कोणी दुकानाचा हिशेब सांभाळतो. अनेकांची नेमणूक केवळ तोंडी शब्दावर झालेली असते. कामावरून कमी केल्यावर मात्र पहिला प्रश्न येतो : पुरावा काय?

21 नोव्हेंबर 2025 रोजी देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. 29 जुने कायदे त्यांत सामावले गेले. नियुक्तिपत्र देणे हे आता मालकाचे कर्तव्य ठरले आहे. नोकरी सुटल्यास थकीत वेतन कामकाजाच्या दोन दिवसांत द्यावयाचे आहे. वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. ठरावीक मुदतीच्या करारावरील कामगारास एका वर्षाच्या सेवेनंतरही उपदान, म्हणजेच ग्रॅच्युइटी, मिळू शकते. इतरांस सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सेवा लागते.

शिक्षकांची स्थिती थोडी निराळी आहे. गोव्यातील धर्मभगिनींच्या एका शाळेतील शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातील 'कामगार' नव्हे, असा निर्णय दिला. 2004 साली शिक्षकांचा उपदानाचा दावाही अमान्य झाला. संसदेने 2009 साली कायदा दुरुस्त करून 3 एप्रिल 1997 पासून हा हक्क दिला आणि 2022 साली न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली.

बडतर्फीविरुद्ध मात्र मान्यताप्राप्त खासगी शाळेतील कर्मचाऱ्याने महाराष्ट्राच्या 1977 च्या कायद्यान्वये शाळा न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करावयाचे असते. दिवाणी दाव्याच्या विचारात ही मुदत दवडू नये. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कामगार यांना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत साहाय्य मिळू शकते.

आपल्या संस्थांनीही आत्मपरीक्षण करावे. औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय कार्य करणाऱ्या संघटनांच्या संस्थांना 'उद्योग' या व्याख्येतून वगळले आहे. वेतन वा उपदान रोखून धरण्याची ती मुभा नव्हे. पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा आग्रह धरिला होता. मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, ही शास्त्राची आज्ञा तर त्याहूनही पुरातन आहे. ज्या शाळेत वा दवाखान्यात प्रभूचे नाव घेतले जाते, तेथील शिपायाच्या हातीही नियुक्तिपत्र असावे.