एफ ८ ला अडणारी लेन्स

कॅमेरा चालू होत होता. स्क्रीन उजळायची, मेनू उघडायचा, जुने फोटो दिसायचे. बटण दाबलं की मात्र शटरचा अर्धवट आवाज यायचा आणि सूचना उमटायची: लेन्स आणि कॅमेरा यांच्यातला संपर्क सदोष आहे, संपर्कबिंदू पुसा.

आमचं मंडीदीप हे कारखान्यांचं गाव. नर्मदापुरमकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर दिवसभर ट्रक चालतात, खिडकीच्या कठड्यावर संध्याकाळपर्यंत धुळीचा थर बसतो. त्यामुळे इथे काहीही बिघडलं की पहिला आळ धुळीवर येतो. पण कॅमेऱ्यात शिरलेली धूळ बहुधा फोटोवर डाग पाडते. एफ १६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान करून, मोकळ्या आकाशाचा फोटो काढला की ते डाग स्पष्ट दिसतात. असं मध्येच शटर अडणं हे धुळीचं लक्षण वाटत नव्हतं.

दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बॅटरी, कार्ड, लेन्स सगळं एकदम पुसून-बदलून कॅमेरा चालू झाला, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कळत नाही आणि तोच बिघाड ऐन वेळी परत येतो. म्हणून आधी फक्त पूर्ण चार्ज केलेली बॅटरी घातली. मग फक्त कार्ड बदललं. कार्डाच्या कडेची लॉकची खिटी ही नुसता प्लॅस्टिकचा तुकडा असते, ती कुठे आहे हे खाचेतली कळ ओळखते. त्यामुळे खिटी सैल असली की चांगलं कार्डही ‘लॉक’ दिसतं. इथे तसं काही नव्हतं. लेन्सच्या मागचे सोनेरी बिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसले. सूचना तीच.

मग शेजाऱ्यांची लेन्स लावली आणि कॅमेरा सुरळीत चालला. बॉडी निर्दोष होती. याचं मला फार बरं वाटलं, कारण बॉडी घरी उघडायची नसते. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टचा साठा असू शकतो आणि बॅटरी काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

खरी चाचणी यानंतरची. आपली १८-५५ ची लेन्स परत लावली आणि छिद्र पूर्ण उघडं ठेवून फोटो काढले. झूम कुठेही असो, एकही फोटो अडला नाही. छिद्र एफ ८ वर नेलं. १८ ला चाललं, ३५ ला कधी चाललं कधी नाही, ५५ ला दर वेळी अडलं. या लेन्समध्ये आपण व्ह्यूफाइंडरमधून बघत असतो तेव्हा छिद्र पूर्ण उघडंच असतं. बटण दाबल्यावर क्षणभर छिद्राची पाती मिटतात आणि पुन्हा उघडतात. फोटो पूर्ण उघड्या छिद्राचा असेल तर पात्यांना हलावंच लागत नाही. म्हणजे पात्यांपर्यंत आज्ञा पोहोचत नव्हती, आणि तीही झूम लांबवल्यावर.

भोपाळच्या कारागिराला मी हे सगळं सांगितलं. त्याने लेन्स हातात फिरवली आणि म्हणाला, “फ्लेक्स गया है, भैया.” फ्लेक्स म्हणजे तपकिरी, कागदाइतकी पातळ पट्टी, तिच्यात तांब्याच्या बारीक रेषा. झूम फिरवला की ती दर वेळी वाकते. तार हाताने पुन्हापुन्हा वाकवून तोडतात, तसंच हे.

त्याची काम करायची पद्धत बघत राहावी अशी होती. जपानी कॅमेऱ्यांच्या स्क्रूची खाच नेहमीच्या फिलिप्ससारखी दिसते, पण वेगळी असते. चुकीचा पेचकस लावला की ती झिजते. त्याच्याकडे नेमका पेचकस होता. निघालेला प्रत्येक स्क्रू पांढऱ्या कागदावर, निघाला त्याच क्रमाने. पट्टी हाती आल्यावर त्याने मल्टीमीटरची दोन टोकं तिच्या दोन बाजूंना टेकवली. बीप वाजला. पट्टी हळूच वाकवली, बीप थांबला. सरळ केली, पुन्हा वाजला. चीर डोळ्यांना दिसत नव्हती, पण नेमक्या कोणत्या वळणावर आहे ते कळलं. नवी पट्टी बसवल्यावर त्याने समोरच्या भिंतीचे फोटो प्रत्येक झूमवर एफ ८ ला काढले आणि मगच पैसे सांगितले.

लेन्स घेऊन मी भीमबेटकाला गेलो. मंडीदीपहून ते वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. नीमचमध्ये जन्मलेले, उज्जैनला काम केलेले विष्णू श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये तिथल्या शैलाश्रयांतली चित्रं उजेडात आणली. २००३ मध्ये ते जागतिक वारसा झाले. तिथे आतल्या सावलीत लेन्स पुन्हा अडली: पुढेमागे घरघरत राहिली, फोकस लागेना. हा मात्र बिघाड नव्हता. ऑटोफोकसला उजेड-अंधाराचा ठळक फरक लागतो आणि विटलेला गेरू वालुकाश्माच्या रंगात जवळजवळ मिसळून जातो. चित्राच्याच अंतरावरच्या खडकाच्या भेगेवर फोकस लावला, लेन्सची कळ ‘मॅन्युअल’वर सरकवली आणि मग कॅमेरा चित्राकडे वळवला. एफ ८, झूम ५५. शटर पूर्ण वाजलं.