एरर सॉफ्ट, दुखणं हार्ड!

निळा स्क्रीन आला की पहिल्या शिव्या कोणाला? विंडोजला! पण कित्येकदा सॉफ्टवेअर साफ निर्दोष असतं आणि खरा गुन्हेगार कॅबिनेटच्या आत गपचूप बसलेला असतो. चला, स्क्रू ड्रायव्हर घ्या, डिटेक्टिव्हगिरी सुरू!

माहीत आहे का, सगळ्यात गाजलेल्या हार्डवेअर फॉल्टला सहा पाय होते? 9 सप्टेंबर 1947. हार्वर्डचा मार्क टू कॉम्प्युटर गडबडला. शोधाशोध केली, तर पॅनेल एफमधल्या 70 नंबरच्या रिलेत एक पतंग अडकलेला, दिव्याभोवती घिरट्या घालतो तो! ऑपरेटरांनी पुरावा टेपने थेट लॉगबुकात चिकटवला. ते पान अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेत आजही जपलेलं आहे.

बेल्जियम, 2003. ब्रसेल्सच्या स्कारबेक भागात निवडणूक. एका उमेदवाराला मिळणं शक्यच नाही इतकी मतं! फेरमोजणी केली, तर बरोबर 4096 मतं जादा. माहीत आहे का, हा आकडा इतका गोल का? 4096 म्हणजे 2 चा 12 वा घात. मेमरीतला नेमका त्या जागेचा एकच बिट 0 चा 1 झाला की नेमकी एवढीच भर पडते! सॉफ्टवेअर कसून तपासलं, चूक सापडली नाही. संशयित? अंतराळातून आलेला कॉस्मिक किरण. आरोपी फरार तो फरारच.

घरच्या रॅमवर डोळे झाकून विश्वास? गूगलच्या सर्व्हरांवरचा 2009 चा अभ्यास सांगतो, वर्षभरात 8 टक्क्यांहून जास्त रॅम मॉड्यूलमध्ये एरर आढळले. त्या रॅममध्ये चूक पकडणारी ईसीसी सोय होती. आपल्या पीसीत ती सहसा नसते, म्हणजे चूक होते आणि कोणी बोलतही नाही!

मग ओळखायचं कसं? इथे जरा थांबा, हे कामाचं आहे. एरर दर वेळी त्याच प्रोग्रॅममध्ये, त्याच जागी येतो? बहुधा सॉफ्टवेअर. आज गेममध्ये, उद्या एक्सेलमध्ये, परवा नुसतं ब्राउझर उघडताना, आणि कोडही दर वेळी नवा? मग रॅम, पॉवर सप्लाय आणि तापमान या त्रिकुटाला धरा. मेमटेस्ट86 पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालू ठेवा. एरर दिसला की एकेक स्टिक वेगळी लावून पाहा. एका वेळी एकच बदल! दोन पार्ट एकदम बदलले की चोर कोण ते कधीच कळत नाही.

आणि हो, आपल्या रिपेअरवाल्यांचा खोडरबर! प्लग काढून रॅमचे सोनेरी कॉन्टॅक्ट हलक्या हाताने घासले की मळ निघतो आणि कित्येक ‘मेलेले’ पीसी उठून बसतात. जुगाड? छे, शुद्ध विज्ञान.

स्क्रीनवर ‘डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर’ दिसलं? म्हणजे हार्डवेअरने स्वतःच एफआयआर नोंदवलाय.

मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी 2005 मध्ये एक अफलातून केस सांगितली. प्रोग्रॅम कोसळला तो प्रोसेसरमधल्या एका रजिस्टरचं, म्हणजे आकडा ठेवायच्या कप्प्याचं, शून्य करणाऱ्या सूचनेवर. ही सूचना मेमरीला हातही लावत नाही, ती फसणारच कशी? उत्तर: ओव्हरक्लॉकिंग. प्रोसेसर त्याच्या ऐपतीपेक्षा जोरात पळवला होता. काही ग्राहकांना तर पत्ताच नव्हता, मशीन तसंच विकलं गेलं होतं!

याच चेन यांचा 2022 चा किस्सा तर कळस. जॅनेट जॅक्सनचं ‘रिदम नेशन’ वाजवलं की काही जुने लॅपटॉप बंद पडत. शेजारी ठेवलेला लॅपटॉपही पडे, जो गाणं वाजवतच नव्हता! गाण्यातली एक फ्रीक्वेन्सी 5400 आरपीएम हार्ड डिस्कच्या नैसर्गिक कंपनाशी जुळत होती. कंपनीने ऑडिओत खास फिल्टर टाकून ती फ्रीक्वेन्सी गाळली. ‘हिट’ गाणं ते हेच!

प्रकाशही कमी नाही बरं. 2015 मध्ये रास्पबेरी पाय 2 चा फोटो झेनॉन फ्लॅशने काढला की तो तडक बंद होई. पॉवरची एक उघडी चिप त्या झगमगाटाने बिथरायची. इतका कॅमेरा-शाय कॉम्प्युटर दुसरा नाही!

हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ‘स्मार्ट’ रिपोर्टमध्ये ‘हेल्दी’ दाखवते म्हणून निश्चिंत? गूगलने 2007 मध्ये लाखाहून जास्त डिस्कचा हिशेब मांडला. बिघडलेल्यांपैकी 56 टक्क्यांहून जास्त डिस्कनी चार मुख्य इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. बॅकअप घ्या, आजच!

आता सगळ्यात लांबची रिपेअर. नोव्हेंबर 2023 मध्ये नासाचं व्हॉयेजर 1 हे अंतराळयान निरर्थक डेटा पाठवू लागलं. यान तेव्हा 2400 कोटी किलोमीटर दूर, निरोप पोचायलाच साडेबावीस तास. नासाच्या टीमने मेमरीची अख्खी प्रत मागवली, जुन्या प्रतीशी ताडून पाहिली आणि एका चिपवर बोट ठेवलं: सुमारे 3 टक्के मेमरी बाद! चिप बदलायला जाणार कोण? मग त्यातला कोड तुकड्यातुकड्यांनी चांगल्या जागी हलवला. 20 एप्रिल 2024 ला यानाकडून पुन्हा वाचता येईल असा डेटा पोचला. स्क्रू ड्रायव्हर लागलाच नाही.