जपानी घरातील पहिला आठवडा

गुरूकडे राहून विद्या घेण्याची परंपरा मराठवाड्याला अपरिचित नाही. गुरुगृही गेलेला शिष्य आधी त्या घराची वेळ, शिस्त आणि बोलण्याची रीत आत्मसात करी; मग स्वरांकडे वळे. नांदेडच्या ज्या भूमीत पं. नाथराव नेरळकर (१९३५-२०२१) यांच्यासारखा गायक अण्णासाहेब गुंजकरांच्या तालमीत घडला, तेथील विद्यार्थ्याला हे सांगावे लागू नये. मात्र विद्यार्थी विनिमयाच्या निमित्ताने हेच घर जपानमधील असेल तर काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे. जपान सरकारने २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘जेनेसिस’सारख्या उपक्रमांतून युवकांना काही दिवस जपानी कुटुंबात राहण्याची संधी मिळत आली आहे.

पहिला धडा उंबऱ्यावरच मिळतो. दाराच्या आत ‘गेनकान’ नावाची खोलगट जागा असते. पादत्राणे तेथेच काढायची आणि घरातल्या सपाता घालायच्या. ‘तातामी’ या गवती चटयांच्या खोलीत त्याही चालत नाहीत, आणि शौचालयाच्या सपाता निराळ्या. त्या चुकून बाहेर आल्या, की घरात हशा पिकतो. स्नानाची रीतही वेगळी आहे. साबण लावून अंग बाहेरच स्वच्छ धुवायचे आणि मगच ऊन पाण्याच्या हौदात बसायचे. तेच पाणी पुढे सर्व कुटुंब वापरते, म्हणून ते सोडून द्यायचे नसते. पाहुण्याला बहुधा पहिला मान मिळतो, त्यामुळे ही चूक नेमकी त्याच्याच हातून होण्याचा संभव अधिक.

शाकाहारी विद्यार्थ्याने एक गोष्ट आधीच कळवावी. ‘मिसो’ सारात भाज्या दिसल्या तरी त्याचा मूळ रस, म्हणजे ‘दाशी’, बहुधा सुकवलेल्या माशापासून केलेला असतो. यजमान तो लपवीत नाहीत. त्यांच्या लेखी तो सामिष पदार्थच नसतो.

बोलण्यातली एक गोष्ट मात्र मराठी मुलाला परकी वाटणार नाही. घराबाहेर पडताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. जपानी माणूस ‘इत्ते किमासु’ म्हणतो, त्याचा अर्थ ‘जाऊन येतो’ असाच आहे. घरातून उत्तर येते, ‘इत्ते राश्शाई’, म्हणजे ‘जाऊन ये’.

रियाझाचा प्रश्न

खरी अडचण रियाझाची. घरे एकमेकांना खेटून असतात आणि अनेक ठिकाणी भिंती पातळ. शेजाऱ्याला आवाज जाणे हे यजमानाला संकोचाचे वाटते. पण ते तोंडावर सांगितले जाईलच असे नाही. म्हणून पहिल्याच दिवशी रियाझाची वेळ विचारून घ्यावी. तेथील वादक नदीकाठी किंवा तासावर मिळणाऱ्या कराओके खोलीत जाऊनही सराव करतात. तबलजीने हातोडी मोठ्या सामानात ठेवावी. विमानात हातातल्या पिशवीत ती अडवली जाऊ शकते. जून-जुलैच्या पावसाळी दिवसांत दमट हवेने पुडी उतरते, हेही ध्यानात असावे. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे, आपल्याकडील २३० व्होल्टची नव्हे. त्यामुळे केवळ २३० व्होल्टवर चालणारी तानपुरा पेटी तेथे योग्य रोहित्राशिवाय चालत नाही. मोबाइलमधील तानपुरा सोयीचा.

पाचची धून

लातूरच्या विद्यार्थ्याला अधिक अंतर्मुख करणारी गोष्ट वेगळीच आहे. अनेक कुटुंबे पाहुण्याला सुरुवातीलाच भूकंपाच्या वेळी काय करायचे ते सांगतात: टेबलाखाली कसे शिरायचे, पाणी, विजेरी व कोरडे अन्न भरलेली पिशवी कोठे आहे, जमायचे मैदान कोणते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर हादरला, तेव्हा गणेश विसर्जनानंतर लोक गाढ झोपेत होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर कोसळून लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. ती आठवण आजही घराघरांत आहे. मात्र तिच्यासोबत पिशवी किती घरांत तयार असते, हा प्रश्न त्या जपानी दाराशी उभे राहून मनात येतोच.

सायंकाळी पाचच्या सुमारास अनेक गावांतील ध्वनिक्षेपकांवरून एक धून ऐकू येते. मुलांना घरी परतण्याची ती खूण. पण हे ध्वनिक्षेपक मूळचे आपत्तीच्या इशाऱ्यासाठी बसवलेले आहेत आणि रोजच्या सुरावटीमुळे यंत्रणा चालू असल्याची खातरजमाही होते. अनेक ठिकाणी ‘युयाके कोयाके’ हे बालगीत वाजते. ते १९२३ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी १ सप्टेंबरला तोक्यो परिसर महाभूकंपाने उद्ध्वस्त झाला.

त्या गीताची स्वररचना ‘योनानुकी’ प्रकारची आहे. शब्दाचा अर्थच ‘चौथा-सातवा वगळलेला’. आपल्या भूपात मध्यम व निषाद वर्ज्य असतात, तोच हा नियम. म्हणून विद्यार्थ्याने भूप आळवला, की घरातल्या आजींना तो ओळखीचा वाटू शकतो. अर्थात स्वर जुळले म्हणजे राग जुळला असे नव्हे. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच, चलन मात्र निराळे. जपानी घराचेही तसेच आहे. उंबरा, पाहुणचार, ‘जाऊन येतो’, सारे ओळखीचे, चालरीत वेगळी. ती ऐकण्यासाठी पहिला आठवडा गाण्यापेक्षा कान उघडे ठेवण्यात घालवावा. आणि परतताना त्या दाराजवळच्या पिशवीची कल्पना लातूर-नांदेडच्या आपल्या घरी जरूर आणावी.