ड जीवनसत्त्व आणि बालदमा

ड जीवनसत्त्व आणि बालदमा यांचा परस्परसंबंध हा बालरोगशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र व साथरोगशास्त्र यांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. दमा असलेल्या अनेक मुलांच्या रक्तात ड जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी आढळते. त्यामुळे या जीवनसत्त्वाची कमतरता हे दम्याचे एक कारण असावे आणि ती भरून काढल्यास दमा टाळता किंवा आटोक्यात आणता येईल, असा विचार इ.स. २००० नंतरच्या दशकात पुढे आला. त्यानंतर झालेल्या मोठ्या चाचण्यांनी या अपेक्षेला बव्हंशी दुजोरा दिलेला नाही. हाडांच्या आरोग्यासाठी ड जीवनसत्त्व मुलांना आवश्यकच आहे; मात्र ते दम्याचे औषध नाही आणि श्वासावाटे घ्यावयाच्या औषधांना पर्यायही नाही, असे आजवरच्या पुराव्यावरून म्हणता येते.

ड जीवनसत्त्वाची ओळख

ड जीवनसत्त्व हे मेदात विरघळणारे जीवनसत्त्व आहे. इतर जीवनसत्त्वे प्रामुख्याने अन्नातून मिळतात; हे मात्र शरीर स्वतः तयार करू शकते. सूर्यप्रकाशातील सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण त्वचेवर पडले की तेथील एका कोलेस्टेरॉलसदृश द्रव्यापासून ड-३ जीवनसत्त्व बनते. त्यावर प्रथम यकृतात आणि नंतर मूत्रपिंडात प्रक्रिया होऊन त्याचे क्रियाशील रूप तयार होते. हे रूप संप्रेरकाप्रमाणे कार्य करते. रक्ततपासणीत मोजले जाते ते यकृतात तयार होणारे मधले रूप, कारण शरीरातील साठ्याची कल्पना त्यावरून येते.

अन्नातून हे जीवनसत्त्व थोडेच मिळते. बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे, कॉड माशाच्या यकृताचे तेल आणि अंड्यातील पिवळा बलक हे त्याचे प्रमुख नैसर्गिक स्रोत होत. मातेच्या दुधात त्याचे प्रमाण कमी असते. म्हणून तान्ह्या बालकांना पहिल्या वर्षात रोज ४०० आंतरराष्ट्रीय एकके इतकी मात्रा थेंबांच्या रूपात देण्याची शिफारस केली जाते. ४० एकके म्हणजे १ मायक्रोग्रॅम.

या जीवनसत्त्वाचा शोध मुडदूस या हाडांच्या विकाराच्या अभ्यासातून लागला. १९१९ मध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांमध्ये आहाराद्वारे मुडदूस निर्माण करून कॉड माशाच्या तेलाने तो टळतो, हे दाखवले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील दिव्याने उपचार केले. १९२२ मध्ये एल्मर मॅककोलम यांनी या घटकाचे वेगळेपण सिद्ध केले आणि त्याला ‘ड’ हे नाव मिळाले. पुढे सुमारे अर्धशतक त्याचा विचार मुख्यतः हाडे आणि कॅल्शियम यांच्या संदर्भातच होत राहिला.

बालदमा

दमा हा श्वासनलिकांचा दीर्घकालीन दाह आहे. दाहामुळे नलिकांचे अस्तर सुजते, चिकट कफ साठतो आणि नलिकांभोवतीचे स्नायू आकुंचन पावून श्वासमार्ग अरुंद होतो. परिणामी धाप लागणे, छातीत घरघर, छाती आवळल्यासारखे वाटणे आणि रात्री अथवा पहाटे खोकल्याची उबळ येणे ही लक्षणे दिसतात. मुलांमध्ये तीव्र झटक्यास बहुधा सर्दीचे विषाणू कारणीभूत ठरतात. घरातील धुळीतले सूक्ष्म कीटक, बुरशी, परागकण, चुलीचा व तंबाखूचा धूर आणि हवेचे प्रदूषण यांमुळेही त्रास बळावतो.

उपचारांचा मुख्य आधार म्हणजे श्वासावाटे घ्यावयाची कॉर्टिकोस्टेरॉइड औषधे. बोलीभाषेत ‘पंप’ म्हटल्या जाणाऱ्या इनहेलरमधून ती अल्प मात्रेत थेट श्वासनलिकेत पोहोचतात व दाह कमी करतात.

संबंधाची कल्पना कशी पुढे आली

ड जीवनसत्त्वाचे ग्राहक रेणू केवळ हाडांत व आतड्यात नसून रोगप्रतिकारक पेशींत आणि श्वासनलिकेच्या अस्तरातही असतात, हे आढळल्यावर संशोधनाला नवी दिशा मिळाली. या जीवनसत्त्वाच्या प्रभावाने पेशी कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक प्रथिन अधिक प्रमाणात तयार करतात, हे २००६ मध्ये दाखवण्यात आले. दाह शमवणाऱ्या काही पेशींना ते चालना देते आणि स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या पेशींचा प्रतिसाद सुधारू शकते, असेही प्रयोगशाळेतील अभ्यासांत आढळले. विषाणुसंसर्ग कमी आणि दाह कमी, तर दम्याचे झटकेही कमी, अशी ही तर्कसाखळी होती.

२००७ मध्ये ऑगस्टो लितोन्हुआ आणि स्कॉट वाइस यांनी असा विचार मांडला की, घरात अधिक काळ राहण्याच्या आधुनिक जीवनशैलीमुळे ऊन कमी मिळते, ड जीवनसत्त्व घटते आणि दम्याच्या वाढत्या प्रमाणामागे हे एक कारण असावे. त्याच वर्षी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स आणि स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील अभ्यासांत, गरोदरपणी आहारातून हे जीवनसत्त्व अधिक घेणाऱ्या मातांच्या मुलांमध्ये घरघरीचे प्रमाण कमी आढळले. २००९ मध्ये कोस्टा रिका या भरपूर उन्हाच्या देशात दमा असलेल्या ६१६ मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी २८ टक्के मुलांत ड जीवनसत्त्वाची पातळी अपुरी होती आणि कमी पातळीचा संबंध दम्याच्या अधिक तीव्रतेशी दिसत होता.

विरुद्ध दिशेचे निष्कर्षही उपलब्ध होते. १९६६ साली उत्तर फिनलंडमध्ये जन्मलेल्यांपैकी ज्यांना पहिल्या वर्षी हे जीवनसत्त्व नियमित दिले गेले होते, त्यांच्यात वयाच्या ३१ व्या वर्षी ॲलर्जीचे विकार अधिक आढळले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या एका अभ्यासात, गरोदरपणी ज्या मातांची पातळी जास्त होती त्यांच्या मुलांत नवव्या वर्षी दम्याचे प्रमाण अधिक दिसले.

सहसंबंध आणि कार्यकारणभाव

वरील सर्व अभ्यास निरीक्षणात्मक होते. अशा अभ्यासांत दोन गोष्टी एकत्र आढळतात. पण एकीमुळे दुसरी घडते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. आषाढात छत्र्यांचा खप वाढतो आणि बेडकांचे डरावणेही वाढते. परंतु छत्रीमुळे बेडूक ओरडत नाही, दोहोंमागे पाऊस असतो. ड जीवनसत्त्व आणि दमा यांच्या बाबतीत तीन शक्यता संभवतात:

१. कमतरतेमुळे दमा उद्भवतो किंवा बळावतो.

२. दम्यामुळेच कमतरता येते. धाप लागणारे मूल मैदानावर कमी खेळते, पालक त्याला धूळ व गारव्यापासून जपण्यासाठी घरात ठेवतात आणि त्याला ऊन कमी मिळते.

३. तिसरेच कारण दोहोंमागे असते. लठ्ठपणा, दारिद्र्य, दाट वस्तीतील कोंदट घर आणि प्रदूषित हवा यांचा संबंध कमतरतेशीही आहे आणि दम्याशीही.

यांतील खरे कोणते, हे ठरवण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे यादृच्छिक नियंत्रित चाचणी. तीत सहभागी व्यक्तींची सोडत पद्धतीने विभागणी करून एका गटाला औषध व दुसऱ्याला तशीच दिसणारी औषधविरहित मात्रा किंवा नेहमीची अल्प मात्रा दिली जाते. सोडतीमुळे इतर कारणे दोन्ही गटांत जवळपास सारखी विभागली जातात.

चाचण्यांचे निष्कर्ष

गर्भावस्थेतील प्रतिबंध: २०१६ मध्ये दोन चाचण्यांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील चाचणीत गरोदर स्त्रियांच्या एका गटाला रोज ४,४०० व दुसऱ्या गटाला ४०० एकके देण्यात आली. तीन वर्षांपर्यंत दमा किंवा वारंवार घरघर होण्याचे प्रमाण मुलांमध्ये अनुक्रमे २४.३ व ३०.४ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीच्या अगदी काठावर थांबला. डेन्मार्कमधील ६२३ स्त्रियांच्या चाचणीत हे प्रमाण १६ व २० टक्के होते. तोही फरक निर्णायक नव्हता. दोन्हींची आकडेवारी एकत्र केली असता पहिल्या तीन वर्षांत लाभ दिसला. तथापि अमेरिकेतील मुले सहा वर्षांची झाल्यावर, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात दोन्ही गटांतील प्रमाण जवळपास सारखे, म्हणजे ३४.८ व ३४.३ टक्के निघाले. लहान वयातील घरघर बरेचदा विषाणुजन्य असते आणि पुढे आपोआप थांबते. ती आणि पुढे टिकणारा दमा एकच नव्हेत, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

दमा असलेल्या मुलांवरील उपचार: २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानमधील चाचणीत शाळकरी मुलांना इन्फ्लुएंझा टाळण्यासाठी रोज १,२०० एकके देण्यात आली होती. त्यांतील आधीपासून दमा असलेल्या मुलांपैकी ड जीवनसत्त्वाच्या गटात २, तर दुसऱ्या गटात १२ मुलांना दम्याचा झटका आला. हा निष्कर्ष आशादायक असला, तरी संख्या लहान होती आणि चाचणीचा मूळ हेतू वेगळा होता. रोहतक येथे १०० मुलांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सहा महिने दरमहा ६०,००० एकके दिल्यावर झटके कमी झाल्याचे नोंदवले गेले.

यानंतरच्या, अधिक काटेकोर चाचण्यांत हा लाभ टिकला नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत तीव्र झटक्यांचा धोका असलेली आणि ड जीवनसत्त्वाची पातळी कमी असलेली १९२ मुले निवडण्यात आली होती. ज्यांना लाभ होण्याची शक्यता सर्वाधिक, अशीच ही मुले होती. रोज ४,००० एकके देऊनही तीव्र झटका आलेल्यांचे प्रमाण ३७.५ टक्के राहिले. औषधविरहित गटात ते ३४.४ टक्के होते. लाभाची शक्यता दिसत नसल्याने ही चाचणी मुदतीपूर्वी थांबवण्यात आली. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत कमतरता असलेल्या २५० दमेकरी मुलांना नऊ महिने रोज १,००० एकके किंवा औषधविरहित मात्रा देण्यात आली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीतही दम्याच्या नियंत्रणात फरक आढळला नाही.

एकत्रित आढावे: कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्याने ड जीवनसत्त्वामुळे तीव्र झटके कमी होतात, असे म्हटले होते, मात्र तो पुरावा बहुतांश प्रौढांचा होता. नव्या चाचण्या समाविष्ट करून २०२३ मध्ये त्याच संस्थेने हा निष्कर्ष बदलला. १,१५५ मुले व १,०७० प्रौढ यांच्या आकडेवारीत झटके किंवा लक्षणे कमी झाल्याचे दिसले नाही. अतितीव्र कमतरता असलेल्या मुलांचा चाचण्यांतील सहभाग अल्प असल्याने त्यांच्यापुरता प्रश्न अद्याप खुला आहे.

भारतातील संदर्भ

भारतात ऊन मुबलक असूनही मुलांमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळते. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य अतिनील किरण शोषून घेते, त्यामुळे तेवढेच जीवनसत्त्व तयार होण्यास अधिक वेळ ऊन लागते. अंगभर कपडे, उंच इमारतींची सावली, धुरकट हवा, दिवसभराची शाळा व शिकवणी आणि शाकाहारात या जीवनसत्त्वाचे अल्प प्रमाण हीही कारणे आहेत. कोवळे ऊन आरोग्यदायी असते, असा समज रूढ असला तरी सूर्य क्षितिजाजवळ असताना उपयुक्त अतिनील किरण जमिनीपर्यंत फारसे पोहोचत नाहीत.

भारतीय बालरोग अकादमीच्या निकषांनुसार रक्तातील पातळी २० नॅनोग्रॅम प्रतिमिलिलिटरहून अधिक असल्यास ती पुरेशी, १२ ते २० असल्यास अपुरी आणि १२ हून कमी असल्यास कमतरता मानली जाते. कमतरता इतक्या सर्रास आढळत असल्याने दमेकरी मुलाच्या तपासणीतही ती सापडणे साहजिक आहे. ती सापडली म्हणजे दम्याचे मूळ सापडले, असे मात्र होत नाही.

उपचारविषयक भूमिका आणि सावधगिरी

दमा असो वा नसो, मुलात कमतरता आढळल्यास ती वैद्यकीय सल्ल्याने भरून काढणे योग्यच आहे. वाढत्या हाडांची ती गरज आहे; ज्या मुलांना स्टेरॉइडच्या गोळ्या वारंवार घ्याव्या लागतात, त्यांच्या हाडांकडे अधिक लक्ष द्यावे लागते. मात्र दम्यावरील उपचार म्हणून हे जीवनसत्त्व सरसकट देण्याची शिफारस केली जात नाही.

अतिरिक्त मात्रा घातक ठरू शकते. हे जीवनसत्त्व मेदात साठत असल्याने ते सहज बाहेर टाकले जात नाही. रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, अतितहान, वजन घटणे आणि मूत्रपिंडास इजा असे परिणाम होतात. आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा घ्यावयाची ६०,००० एककांची मात्रा समजुतीच्या घोटाळ्याने रोज दिली गेल्यास असा धोका संभवतो.

याहून गंभीर धोका उपचार सोडून देण्याचा आहे. पंपाची सवय लागते, या गैरसमजापोटी काही पालक तो टाळतात आणि ड जीवनसत्त्वाची गोळी त्यांना अधिक निर्धोक वाटते. दाहशामक औषध बंद पडल्यास श्वासनलिकांचा दाह नकळत वाढत राहतो आणि एखाद्या साध्या सर्दीनंतर जिवावर बेतणारा झटका येऊ शकतो. म्हणून कमतरतेचे उपचार आणि दम्याचे उपचार ही दोन स्वतंत्र कामे आहेत. पहिले सुरू केले म्हणून दुसरे थांबवता येत नाही.