रबराचा सांधा

लाकडी चाकावर धाव चढवताना पाहिलेली माणसं वाशीम जिल्ह्यात अजून भेटतात. गोवऱ्यांच्या आगीत लोखंडाचं कडं लाल करायचं, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायचं आणि वरून भडाभडा पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की आरे, पाटे, तुंबा सगळं करकचून आवळलं जायचं. पुढे रबरी चाकांची बंडी आली. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी तिचं नावच 'डनलॉप' पडलं. बेलफास्टमधल्या जनावरांच्या एका डॉक्टरने पोराच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेली रबरी नळी गुंडाळली आणि १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्या जॉन बॉइड डनलॉपचं आडनाव आपल्या बैलगाडीला कायमचं चिकटलं. त्याच नावाच्या कंपनीचा भारतातला कारखाना १९३६ मध्ये बंगालात, हुगळीकाठच्या साहागंजला सुरू झाला.

धाव म्हणजे एकच कडं. टायर पाहूनही आपला समज तसाच होतो, की पातळ रबर साच्यात ओतलं आणि टायर बाहेर आला. प्रत्यक्षात टायर ओतत नाहीत, तो जुळवतात. कारखान्यात त्या खात्याला 'बिल्डिंग' म्हणतात. फिरत्या ढोलावर आधी हवा न सोडणारा आतला पातळ थर येतो, त्यावर धाग्यांचे किंवा तारांचे प्लाय. दोन्ही कडांना पोलादी तारेची वेटोळी, म्हणजे बीड, बसतात. मग बाजूच्या भिंती, पट्टे आणि शेवटी रस्त्याला टेकणारा जाड ट्रेड. हे सगळं अजून कच्चं रबर असतं, आणि कच्च्या रबराला कच्चं रबर आपसूक चिकटतं. या चिकटण्यावरच सारा खेळ चालतो. हाताचा घाम लागला, धूळ बसली, पट्टीच्या टोकांचा सांधा जरा जास्त चढला किंवा जरा कमी पडला, की दोष आत कायमचा कोंडला जातो. म्हणून प्रत्येक थर रोलरने दाबून मधली हवा हुसकावून लावायची. तयार होतो तो 'ग्रीन टायर'. रंगाने काळाकुट्टच, पण आपण कच्च्या फळाला हिरवं म्हणतो, तसा हा हिरवा.

त्यानंतर क्युअरिंग. साधारण दीडशे अंशांच्या पुढच्या उष्णतेत आणि दाबात गंधक रबराच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधतं. चार्ल्स गुडइयरला हे १८३९ मध्ये सापडलं. रबर उन्हात वितळेनासं आणि थंडीत तडकेनासं झालं ते तेव्हापासून. पण ही भट्टी चूक सुधारत नाही, पक्की करते. थरांमध्ये बुडबुडा राहिला असेल तर तो हजारो किलोमीटर धावल्यावर, तापलेल्या रस्त्यावर, थर सुटून आपलं अस्तित्व सांगतो. तोवर बांधणाऱ्याची पाळी कधीच संपलेली असते.

या कामाची सरकारी दप्तरातली गत पाहण्यासारखी आहे. व्यवसायांच्या १९८८ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात धातू, रबर आणि प्लास्टिकच्या वस्तू जुळवणाऱ्यांना ८२८४ हा स्वतःचा क्रमांक होता. २००८ च्या सुधारणेत ते ८२१९ मध्ये गेले. त्या खान्याचं नाव 'इतरत्र वर्गीकरण न झालेले जुळारी'. टायरचं यंत्र चालवणारा मात्र यंत्रचालकांच्या रांगेत. हातातलं कसब कागदावर कुठे बसवायचं, हे कारकुनी डोक्याला अजून नीटसं जमलेलं दिसत नाही.

वाशीम १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा होऊन जिल्हा झाला. सोयाबीन आणि तुरीचा मुलूख, मोठे कारखाने नाहीत. रबराच्या नोकरीसाठी पश्चिमेला मराठवाड्यातल्या वाळूजकडे, नाहीतर पूर्वेला नागपूरच्या बुटीबोरीकडे बघावं लागतं. बुटीबोरीत सिएटचा दुचाकी टायरांचा कारखाना आहे. या कंपनीची मुंबईतली सुरुवात १९५८ मध्ये भांडुपला झाली, आणि तिच्या नावात इटलीतलं तुरीन शहर दडलेलं आहे. वाळूजला बाळकृष्ण इंडस्ट्रीज ट्रॅक्टर आणि अवजड यंत्रांचे टायर बनवते. त्यांचा मोठा हिस्सा परदेशी जातो. शेतीच्या टायरांचे नमुने हजारोंनी आणि एकेकाची मागणी थोडी, त्यामुळे इथे माणसाच्या हाताला अजून मान आहे. युरोपातल्या गव्हाच्या शेतात फिरणारं चाक मराठवाड्यात सांधलेलं असू शकतं, ही गोष्ट वऱ्हाडातल्या ट्रॅक्टरवाल्याला सांगितली तर तो हसेल.

या कामाची दुसरी बाजू हसण्यासारखी नाही. मिक्सिंग खात्यात काजळीची धूळ, बिल्डिंगमध्ये चिकटपणा ताजा करायला लावायच्या द्रावणाची वाफ, क्युअरिंगमध्ये धूर. ब्रिटनमध्ये रबर कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो हे लक्षात आलं आणि १९४९ मध्ये तिथल्या कारखान्यांनी बीटा-नॅफ्थिलअमाइनचा अंश असलेली रसायनं काढून टाकली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८२ मध्ये एखादं रसायन नव्हे, तर रबर उद्योगातलं कामच कर्करोगकारक ठरवलं. हवा खेचणारे पंखे नीट चालतात की नाही, हा प्रश्न पगारवाढीच्या आधी विचारायला हवा, असं मला वाटतं.

वाशीमला हेच काम भेटतं ते उलट्या बाजूने. टायर झिजून गुळगुळीत गोटा झाला, पण सांगाडा शाबूत असला, की तो रिमोल्डला जातो. जुना ट्रेड खरवडायचा, जखमा भरायच्या, सोल्यूशन लावायचं, मऊ कुशन गमचा थर द्यायचा आणि वर नवा पट्टा गुंडाळायचा. पट्टा आधीच पिकवलेला असेल तर शंभर-सव्वाशे अंशांवर काही तास बंद टाकीत, कच्चा असेल तर साच्यात जास्त उष्णतेवर. एसटी महामंडळाचे तर राज्यात असे स्वतःचे नऊ प्रकल्प आहेत. वाशीम, रिसोड, मंगरूळपीर आणि कारंजा ही आगारं अकोला विभागात मोडतात. तिथून सुटणाऱ्या लालपरीच्या चाकावर नव्याने बसवलेली पाठ असणं ही रोजचीच बाब. लोक रिमोल्डला नाक मुरडतात, पण इथेही दोष बहुधा रबराचा नसतो. नीट न खरवडलेल्या पाठीचा असतो, राहून गेलेल्या धुळीचा असतो.

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव भागातून काँक्रीटची सरळ पट्टी गेली आणि टायर हा चर्चेचा विषय झाला. तासन्‌तास एकाच वेगात, उन्हाळ्याच्या भर दुपारी, कमी हवेचा टायर वाकून वाकून आतून तापतो. अपघात वाढले तेव्हा परिवहन खात्याने झिजलेल्या टायरच्या गाड्या प्रवेशावरच अडवायला सुरुवात केली. चारचाकीच्या ट्रेडची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद, असा नियम आहे. ही खोली मोजता येते. थरांमधला सांधा मात्र मापात येत नाही.

ट्रकवाल्यांची त्यावर आपली रीत आहे. ढाब्यावर चहा घेण्याआधी क्लीनर लोखंडी टॉमी घेऊन गाडीला फेरी मारतो आणि प्रत्येक टायरवर एक ठोका देतो. टणक, उसळता आवाज आला की पुढचा टायर. एखाद्या ठिकाणी आवाज बद्द आला, की तो थांबतो, वाकतो आणि तिथेच पुन्हा एकदा ठोकतो.