वायुरोधी पिचकारी

वायुरोधी पिचकारी : रासायनिक विश्लेषणासाठी वायूचा अल्प पण निश्चित घनफळाचा नमुना गळती होऊ न देता घेण्याचे व उपकरणात सोडण्याचे साधन. प्रयोगशाळांतून हिला ‘गॅस-टाइट सिरिंज’ असेच म्हणतात. काही मायक्रोलिटरांपासून (१ मायक्रोलिटर = ०·००१ मिलि.) १०० मिलि.पर्यंत घनफळाच्या पिचकाऱ्या वापरात आहेत.

द्रवासाठीच्या सूक्ष्म पिचकारीत धातूचा दट्ट्या काचेच्या नळीत घट्ट बसविलेला असतो. दोहोंमधील अतिसूक्ष्म फट द्रवाच्याच पातळ थराने बुजते. वायूच्या बाबतीत असे घडत नाही. २०° से. तापमानाला हवेची श्यानता पाण्याच्या श्यानतेच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शाइतकीच असल्याने त्याच फटीतून हवा सहज निसटते. शिवाय द्रव गळाला तर थेंब दिसतो; वायू गेल्याचे डोळ्यांना कळत नाही, आकडा मात्र कमी येतो. म्हणून वायुरोधी पिचकारीत दट्ट्याच्या टोकाला पॉलिटेट्राफ्ल्युओरोएथिलीन (टेफ्लॉन) या बहुवारिकाचे टोपण बसवितात. रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये अमेरिकेत आढळलेले हे बहुवारिक बहुतेक रसायनांना दाद देत नाही व वंगणाशिवाय सरकते. वंगण वापरल्यास ते नमुन्यातील कार्बनी बाष्पे शोषून घेण्याचा संभव असतो. मात्र टेफ्लॉनाचे औष्णिक प्रसरण काचेच्या अनेक पट असल्याने तापवून निवविलेल्या पिचकारीत टोपण सैल पडू शकते.

ए. टी. जेम्स व ए. जे. पी. मार्टिन यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेली वायु-द्रव वर्णलेखनाची पद्धत रूढ झाल्यावर अशा पिचकारीचे महत्त्व वाढले. वर्णलेखकाच्या प्रवेशमुखाशी वाहक वायूचा दाब वातावरणीय दाबापेक्षा अधिक असतो. सुईने तेथील रबरी पडदा छेदताच हा दाब नमुन्याला मागे रेटतो. यावर उपाय म्हणून पिचकारी व सुई यांमध्ये लहान झडप बसवितात. नमुना ओढल्यावर झडप बंद करून तो दट्ट्याने किंचित दाबतात व सुई पडद्यापार गेल्यावरच झडप उघडतात. केवळ घनफळावरून वायूची राशी ठरत नाही; नमुना घेतेवेळचे तापमान व दाब यांची नोंदही आवश्यक असते.

विद्युत् रोहित्रातील तेलाच्या तपासणीत नमुना कसा घेतला याला विशेष महत्त्व आहे. रोहित्रात प्रज्योत निर्माण झाल्यास तेलाचे अपघटन होऊन ॲसिटिलीन व हायड्रोजन तयार होतात आणि तेलात विरघळतात. तेलाचा नमुना बाटलीत घेतल्यास निवताना तेल आकुंचन पावते व वर पोकळी उरते. तेलात अल्प प्रमाणात विरघळणारा हायड्रोजन प्रथम तीत जातो आणि रोहित्रातील दोष नजरेतून सुटू शकतो. तोटी असलेल्या काचेच्या पिचकारीत आकुंचनाबरोबर दट्ट्या आपोआप आत सरकत असल्याने पोकळी निर्माण होत नाही. यासाठी वाहतुकीत दट्ट्या मोकळा राहील अशी पेटी वापरतात. तो बांधून ठेवल्यास पिचकारीची बाटलीच होते.

गळतीची तपासणी सोपी आहे. पिचकारीत हवा घेऊन झडप बंद करतात व दट्ट्या दाबून ती पाण्यात धरतात. बुडबुडे आल्यास टोपण बदलावे लागते.