परदेशांतील घर : योग आणि क्षेम

पूर्वीं मुलगा शिकून पुण्या-मुंबईस बिऱ्हाड करी. हल्लीं तो लंडनला करतो, आणि चार-पांच वर्षांत तेथें स्वतःची जागा असावी असा विचार घरांत सुरू होतो. वडील मंडळीही आपली शिल्लक पुढें करतात. विचार स्तुत्य खरा. परंतु ‘योगक्षेम’ या शब्दांतील योग म्हणजे न मिळालेलें मिळविणें, व क्षेम म्हणजे मिळालेलें सांभाळणें. परदेशांतील घराच्या बाबतींत योगाची चर्चा फार होते, क्षेमाची होत नाहीं. म्हणून लंडनचेंच उदाहरण घेऊन तिकडे वाचकांचें लक्ष वेधावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

लंडनमधील फ्लॅट बहुधा ‘लीजहोल्ड’ असतो. म्हणजे मालकी कायमची नव्हे, तर ठराविक वर्षांच्या पट्ट्याची. हीं वर्षें दरसाल घटत जातात, आणि शिल्लक ८० च्या खालीं गेली कीं पट्टा वाढवून घेणें महाग पडतें. इमारतीची डागडुजी, लिफ्ट, विमा यांसाठीं दरसाल सर्व्हिस चार्ज भरावा लागतो, व त्याचा आंकडा फ्लॅटवाल्याच्या हातीं नसतो. जुन्या पट्ट्यांवर जमीनभाडेंही असतें. ३० जून २०२२ पासूनच्या बहुतेक नव्या पट्ट्यांवर मात्र तें कायद्यानें बंद झालें आहे.

घर भाड्यानें दिलें तर कौन्सिल टॅक्स सामान्यतः भाडेकरू भरतो. तें एक वर्षाहून अधिक काळ रिकामें व सामानाविना राहिलें, तर मालकावर तो दुप्पट बसविण्याचा अधिकार एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमधील कौन्सिलांस आहे. भाडेकरू असतांना गॅसच्या उपकरणांची तपासणी दरवर्षीं, व विजेची किमानपक्षीं पांच वर्षांनीं करावी लागते. मालक भारतांत राहात असेल आणि तेथील करखात्याची संमति घेतलेली नसेल, तर एजंट खर्च वजा जातां उरलेल्या भाड्यांतून २० टक्के कर कापून मगच बाकी पाठवितो.

खर्चाइतकाच प्रश्न वापराचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेंत राहिले तें लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचें घर महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं विकत घेऊन तेथें स्मारक केलें. परंतु निवासी घराचें संग्रहालय करण्यास कौन्सिलची परवानगी लागते, आणि कॅम्डेन कौन्सिलनें २०१८ सालीं ती नाकारली. अपील व चौकशी होऊन मार्च २०२० मध्यें ब्रिटिश मंत्र्यांनीं परवानगी दिली, तेव्हां तें स्मारक निर्वेध झालें. जेथें राज्य सरकारासही इतके सायास पडले, तेथें गृहस्थानें किती जपावें!

इकडचे नियमही आहेत. भारतांतील रहिवाशास दरमाणशी एका आर्थिक वर्षांत अडीच लक्ष डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवितां येते. घर त्याच्या नांवावर असेल तर, भाडें येवो वा न येवो, तें प्राप्तिकराच्या विवरणपत्रांत दरवर्षीं दाखवावें लागतें. न दाखविल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यान्वयें १० लक्ष रुपये दंड होऊं शकतो.

सर्वांत नाजुक गोष्ट वारसाची. इंग्लंडमधील स्थावरास तेथीलच वारसाकायदा लागतो. मिताक्षरेंतील जन्मसिद्ध हक्क तेथें चालत नाहीं. वडिलांची शिल्लक घातली, पण नांव एकाच मुलाचें लागलें, तर लेखी दस्तऐवजावांचून इतर भावंडांचा वांटा सिद्ध करणें महाकठीण. दोन नांवें असलीं तरी तीं कोणत्या रीतीनें आहेत हें पाहावें : एका रीतींत एकाच्या पश्चात् सर्व घर दुसऱ्याचें होतें, दुसरींत प्रत्येकाचा हिस्सा वेगळा राहून मृत्युपत्रानें देतां येतो. शिवाय मालक नाशकास राहणारा असला तरी, घर मुलांकडे जातांना ३,२५,००० पौंडांवरील किंमतीस सामान्यतः ४० टक्के वारसाकर पडतो.

म्हणून इसार देण्यापूर्वीं घरांतील सर्व कर्त्या माणसांनीं, सुनांसह, एकत्र बसून तीन गोष्टी कागदावर लिहाव्या : घराचा उपयोग काय, दरसालचा खर्च कोणी सोसावयाचा, आणि पुढें तें कोणाचें. भिंती सातासमुद्रांपलीकडे असतात. त्यांवरून होणारा कलह मात्र आपल्याच माजघरांत येऊन बसतो.